उकडीचा हात

सरोजिनीबाईंनी कुणाचं कौतुक केलं की सोसायटीतल्या बायका आधी त्यात टोमणा कुठे दडलाय ते शोधत, आणि बहुतेक वेळा तो सापडेच. सुनेच्या हाताचं कौतुक मात्र त्या अगदी निर्मळ मनानं करत. "आमच्या दीपमालेच्या हाताला चटका म्हणून बसत नाही. उकडीचा हात आहे तिचा," असं त्या लिफ्टमध्ये सांगत, भाजीवाल्याच्या गाडीपाशी सांगत. समोरच्या कुसुमताईंना तर त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या आता पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकत.

ज्यांनी उकडीचे मोदक केले आहेत त्यांना या कौतुकाचं मोल कळेल. तांदळाच्या पिठीची उकड गरम असतानाच मळावी लागते. निवली की तिला चिरा जातात, मोदक वाफेत उलतो, सारण बाहेर येतं आणि पाठोपाठ सासूचं तोंड सुटतं. म्हणून बायका शेजारी गार पाण्याचं वाडगं घेऊन बसतात, हात बुडवतात, मळतात, "स्स" करतात, पुन्हा बुडवतात. सरोजिनीबाईंचा उभा जन्म असा वाडग्यात हात बुडवण्यात गेला होता.

दीपमाला चंद्रपूरची. खराडीतल्या एका कंपनीत तिची आणि सलीलची ओळख झाली आणि दोघांनी लग्न ठरवूनच घरी सांगितलं. सरोजिनीबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "तुला आवडली ना? मग झालं तर." कोथरूडमध्ये याचा अर्थ काय होतो, हे दीपमालाला कळायला थोडे दिवस लागले. स्वयंपाकघरात तिला भाज्या निवडायला मिळत, लसूण सोलायला मिळे. ती "मले" म्हणाली की सरोजिनीबाई वर न बघता "मला" म्हणत, आणि फोनवर बहिणीशी बोलताना तिचा उल्लेख "आमची ती चंद्रपूरची" असा करत.

मग एका गणेश चतुर्थीला सरोजिनीबाई उकड परातीत काढतात न काढतात तोच फोन वाजला. बोलणं लांबलं. उकड निवायला लागली तसा दीपमालाचा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी ती पाटावर बसली, वाफाळत्या उकडीत थेट हात घातला आणि तळहाताच्या कडेनं ती रगडायला लागली. पाण्याचं वाडगं तिच्या ध्यानातच आलं नाही. सरोजिनीबाई परत आल्या आणि दारातच थबकल्या.

"भाजत नाही तुला?"

"नाही, आई."

त्यांनी उकडीला बोट लावलं, झटक्यात मागे घेतलं आणि सुनेकडे प्रथमच नीट पाहिलं. त्या दुपारी त्यांनी तिला पारी करायला शिकवली, पारीला कळ्या काढायला शिकवल्या, आणि नैवेद्याचे एकवीस मोदक तिच्याकडे सोपवले. त्यानंतर चंद्रपूरची हा शब्द त्या घरात ऐकू आला नाही. एका हाताच्या जोरावर दीपमाला त्या घरची झाली.

तिला वाटे, आपले हात राकट. माहेरी चूल होती, लहानपणापासून तव्यावरचं हातानं उलटायची सवय होती, त्यानं असेल. यात काही आजार असेल हे कुणाच्या मनात येणार? दुखलं म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. दुखत नाही म्हणून कोण जातं?

मोदकांची कीर्ती पसरली. आधी सोसायटीतून, मग शेजारच्या गल्ल्यांतून दर संकष्टीला मागणी यायला लागली. दीपमालानं नोकरी सोडली आणि सासू-सुना परातीच्या दोन बाजूंना बसायला लागल्या. अशी सहा वर्षं गेली. दोघी त्या परातीभोवती हसायलाही शिकल्या, आणि हे सुख लहान नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात उजव्या हाताची करंगळी तिचं ऐकेनाशी झाली. बाकीच्या बोटांना चिकटून राहायची सोडून ती एका बाजूला फटकून राही. कोपरापासून खाली ठणका लागे. दंडावर एक फिकट चट्टा होता, तो सलीलला नायटा वाटला होता आणि त्यावर एक मलम लावून झालं होतं. शेवटी ती एकटीच एका मोठ्या इस्पितळात त्वचेच्या विभागात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी तिचा हात टेबलावर ठेवून घेतला. "डोळे मिटा. मी एक बारीक तंतू लावणार आहे. लागला की हो म्हणा."

दीपमालानं डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. मनगटाच्या अलीकडे काहीतरी टोचलं, ती हो म्हणाली. अंगठ्याला टोचलं, हो म्हणाली. मग बाई थांबल्या. काही लिहीत असतील, असं तिला वाटलं. ती शहाण्या मुलीसारखी डोळे मिटून वाट बघत राहिली. बराच वेळ झाला तेव्हा तिनं विचारलं, "सुरू करायचं ना?"

"झालं," बाई हळूच म्हणाल्या. "उघडा डोळे."

त्यांनी जे सांगितलं ते स्पष्ट सांगितलं. हा कुष्ठरोग आहे. तो औषधानं पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झालं की तुमच्यापासून कुणाला होणार नाही. "मला रोगाची भीती नाही, नसेची आहे," असं म्हणत त्यांनी तिच्या कोपरामागे बोट दाबलं. तिथे नस सुजून दोरीएवढी जाड झाली होती. "ही सूज आत्ता उतरली तर हात वाचेल. नस मेली तर रोग मी घालवीन, पण वाकलेली बोटं उघडून देता येणार नाहीत. गोळ्या देते. ही आधाराची पट्टी दिवसरात्र बांधायची. हाताला विश्रांती. गरम भांड्याला शिवायचं नाही."

"मोदक?" दीपमालानं विचारलं.

"अजिबात नाही. आणि घरच्यांना तपासायला आणा. सगळ्यांना."

परतीच्या वाटेवर रिक्षात तिला हाताची काळजी वाटायला हवी होती. वाटली ती परातीची. त्या घरात तिला पाय ठेवायला जागा मिळाली ती हात भाजत नाही म्हणून, आणि हात का भाजत नाही ते आता कळलं होतं.

सलीलला तिनं त्याच दिवशी सांगितलं. तो खराडीहून ट्रॅफिकमध्ये पिळून निघून घरी आला होता. बूट काढता काढता त्यानं ऐकलं आणि एक बूट पायात तसाच ठेवून तो रडला. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून त्यानं स्वतःची तपासणी करून घेतली. बिचारा सगळं वाचून आला, सगळं समजून घेतलं, आणि मग म्हणाला, "औषध चालू झालंय ना? आता पसरत नाही ना? मग गणपती होऊ दे. मग आईला सांगू."

"अरे, पण हात? आणि आईंना तपासायला न्यायचंय."

"आईचं मी बघतो. आत्ता बोललो तर ती कोसळेल. चतुर्थीच्या मोदकांचे शब्द दिलेत तिनं सगळ्यांना. आणि सोसायटीत कळलं ना, तर तुझ्या हातचं खाल्लेली माणसं..." त्यानं खोलीचं दार लोटून घेतलं. "झाकली मूठ, दीपा. एवढे दोन महिने."

सलील वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं, कडाकडा भांडता आलं असतं. तो तिच्या गोळ्या आणून देई, रात्री खोलीची कडी लावून तिच्या हाताला पट्टी बांधी आणि पहाटे स्वतःच सोडून कपाटात कपड्यांच्या घडीत लपवी. दिवसा पट्टी नाही. दिवसा परात. पट्टी बांधली तर घर जाईल आणि नाही बांधली तर हात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या अरुंद जागेत बसून ती उकड मळत होती. गोळ्यांनी तिचा रंग काळवंडला, तेव्हा सरोजिनीबाई म्हणाल्या, "उन्हातान्हात गच्चीवर कपडे वाळत घालायला जाऊ नकोस गं, मी जाईन." या मायेनं तर तिला जास्तच कोंडल्यासारखं व्हायचं.

श्रावणातल्या संकष्टीला हातानं दगा दिला. मोदकाची कळी म्हणजे अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीचं काम. दीपमालाच्या चिमटीतून पारी निसटत होती. कळ्या एकमेकींत मिसळत होत्या, टोक जुळत नव्हतं. तिनं डाव्या हातानं सावरून पाहिलं, पण सरोजिनीबाईंच्या नजरेतून काय सुटणार!

"हे काय? मोदक केलेस की गाठोडी बांधलीस?"

"हात मुरगळलाय, आई." कधी तरी लागेल म्हणून सलीलनंच हे वाक्य तिला देऊन ठेवलं होतं.

"मग आधी सांगायचं नाही? की तोंडही मुरगळलंय?"

पुढचे मोदक सरोजिनीबाईंनी वाडग्यात हात बुडवत एकटीनं केले. मोदक न्यायला येणारे सगळे येऊन गेले, दुपार झाली, आणि मग त्यांनी गॅसवर तवा चढवला, जाड्या मिठाची पुरचुंडी बांधली आणि सुनेला समोर बसवलं. मुरगळलं की शेकायचं, हे त्यांच्या घरचं पिढीजात शास्त्र. त्यात डॉक्टरला विचारण्यासारखं काही नव्हतं.

गरम वस्तूला शिवायचं नाही, हे शब्द दीपमालाच्या कानात होते. पण मुरगळलेला हात शेकायला नाही कोण म्हणतं? तिनं हात पुढे केला.

सरोजिनीबाईंनी पुरचुंडी तव्यावर दाबली आणि तिच्या मनगटावरून करंगळीच्या बाजूनं फिरवली. "सोसतंय ना?"

"हो."

ती किती गरम आहे, हे तिला सासूच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागत होतं. त्या फुंकर घालत, म्हणजे गरम असणार. त्या दाबून धरत, म्हणजे सोसण्यासारखी असणार. तिनं दोनदा उगाच "स्स" केलं, आणि सरोजिनीबाईंना बरं वाटलं.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय, आई."

"अजून तापवू?"

मुरगळलेल्या माणसानं काय म्हणायचं असतं? "तापवा," ती म्हणाली आणि हसली.

सरोजिनीबाईंनी पुरचुंडी बराच वेळ तव्यावर ठेवली, शेंड्याला धरून तिच्या तळहाताच्या कडेवर टेकवली आणि दाबून राहावी म्हणून वरून आपला हात ठेवला. "आई गं!" त्या ओरडल्या. पुरचुंडी फरशीवर पडली, मीठ पसरलं. त्यांचा तळवा लालबुंद झाला होता. त्यावर फुंकर मारत त्यांनी सुनेच्या हाताकडे पाहिलं, आणि फुंकर तोंडातच राहिली. तळहाताच्या कडेला कातडी वर आली होती. बोटभर लांबीचा पांढरा फोड त्यांच्यादेखत फुगत होता. आणि दीपमालाच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून होतं.

"अगं... सोसलंस की काय तू? उकडीचा हात झाला म्हणून काही सुमार?"

वाट त्यांनीच काढून दिली होती. हो म्हटलं की झालं. पुढेही कौतुक, पुढेही परात, आणि लिफ्टमध्ये सांगायला आणखी एक गोष्ट. दीपमालानं तो फोड पाहिला. तो आपला आहे असं तिला कुठूनच वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या मनगटाला लागलाय, आणि तो जळाला तरी आपल्याला पत्ता लागणार नाही, असं तिच्या मनात आलं आणि ती भयंकर घाबरली. इतक्या दिवसांत ती एवढी कधी घाबरली नव्हती.

"मले नाई समजत, आई," ती म्हणाली. "गरम नाई समजत, थंड नाई समजत. कधीच नाई समजलं." आणि मग तिनं रोगाचं नाव घेतलं.

सरोजिनीबाईंनी "मला" अशी दुरुस्ती केली नाही. त्या उठल्या, गॅस बंद केला, मोरीशी गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला. ते पाणी भाजलेल्या हातासाठी होतं की शिवलेल्या हातासाठी, हे दीपमालाला कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

नळ बंद झाल्यावर तिकडूनच प्रश्न आला. "कधीपासून?"

"डॉक्टर म्हणतात, कितीतरी वर्षांपासून असेल. लग्नाआधीपासून."

"म्हणजे त्या पहिल्या चतुर्थीला..." सरोजिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं ज्याचं..."

त्या संध्याकाळी सलीलला दारातच "ये, शहाण्या" असं ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या त्याच्याबरोबर इस्पितळात जाऊन तपासून आल्या. आल्यावर "मला काही नाही. खबरदारीची एक गोळी दिली. या वयात डोळे मिटून बसवलं मला त्या बाईनं," एवढंच म्हणाल्या. चतुर्थीच्या सगळ्या मागण्या त्यांनी फोन करून रद्द केल्या. प्रत्येकाला त्यांनी एकच कारण सांगितलं, सुनेचा हात मुरगळलाय. दीपमालाचं खोटं आता त्यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि ते त्या तिच्यापेक्षा सफाईनं बोलत होत्या.

पट्टी आता दिवसाही हाताला असायची. फोडाची मलमपट्टी सलील करी. सरोजिनीबाईंनी तिचं ताट वेगळं केलं नाही, पेला वेगळा केला नाही, एक वाकडा शब्द काढला नाही. फक्त त्या तिला शिवत नव्हत्या. चहाचा कप हातात देत असत, तो आता टेबलावर ठेवायला लागल्या. मंगळवारी कुंकू लावत असत, तिथे आता करंडा पुढे सरकवून "घे लावून" म्हणायला लागल्या. आणि ती स्वयंपाकघराकडे वळली की आतून येई, "तू बाहेर बस. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

डॉक्टरांनी सांगितलं होतं हे खरंच. म्हणून तर भांडता येत नव्हतं. डॉक्टरांची मनाई कुठे संपते आणि सासूची कुठे सुरू होते, हे शोधत ती दिवसभर बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून राही. बाल्कनीतून समोरची बाल्कनी दिसे, आणि कुसुमताई कपडे वाळत घालताना विचारत, "काय गं, कधी बरा होणार हात?" "होईल," ती म्हणे. पूर्वी ती खोट्यात अडकली होती. आता खरं बोलूनही अडकली होती, आणि यातून बाहेर पडायला तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. सलील हात दाबून म्हणे, "होईल गं सगळं नीट, वेळ देऊ तिला." तो नेमका तोच हात दाबत असे, आणि तिला ते बघून कळत असे.

चतुर्थी उजाडली. सलील मखराला माळा लावत होता. आत सरोजिनीबाई एकट्या उकड मळत होत्या. दीपमाला सोफ्यावर पट्टीतला हात मांडीवर घेऊन बसली होती. गूळ-खोबऱ्याचा वास येत होता, आणि थोड्या थोड्या वेळानं आतून आवाज येत होता. "स्स... आई गं." पाण्याची डुबुक. पुन्हा "स्स". दीपमालाला रडू फुटलं. तिला सासूचा हेवा वाटत होता. भाजणाऱ्या हाताचा हेवा वाटावा, अशी वेळ आपल्यावर येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आवाज थांबले. मग हाक आली. "दीपमाला. इकडे ये."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. परातीत एकवीस मोदक मांडले होते. काहींची टोकं वाकडी झाली होती.

"आत ये. ती पट्टी जरा वेळ काढली तर चालते?"

"अंघोळीपुरती काढते."

"मग काढ. बस इथे. डोळे मीट."

"कशाला, आई?"

"त्या बाईनं मला मिटायला लावले होते. दर वेळी कळलं मला. कुठेही लावलं तरी कळलं. तुला खरंच नाही कळत?" आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "मीट डोळे. मी हात लावला की हो म्हण."

दीपमालानं डोळे मिटले. मोदकपात्रातलं पाणी खळखळत होतं. बाहेर सलील कुठल्या तरी तुटक्या दिव्यावर चिडला होता. तिला जीव तोडून हो म्हणायचं होतं. एरवी सासूचं तोंड बघून तिनं बरोबर वेळ साधली असती, पण आता तोंड दिसत नव्हतं. तिनं मन एकवटून करंगळीशी नेलं आणि तिथे थांबली. काही आलं नाही. आई अजून शिवल्या नाहीत. शिवायचं मनात आलं असेल आणि आयत्या वेळी हात पुढे आला नसेल. तसंच असणार. तिनं आणखी वाट पाहिली.

"आई," शेवटी ती म्हणाली, "नसेल लावायचा हात तर राहू द्या. मला राग नाही येणार."

तिनं डोळे उघडले.

सरोजिनीबाईंनी तिची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही वाकलेली, आपल्या दोन्ही हातांत गच्च धरली होती. उकडीनं लाल झालेल्या त्या हातांची पिठी तिच्या मनगटापर्यंत लागली होती. फोडाच्या जागी आलेल्या नव्या कातडीवर त्यांचा अंगठा सावकाश फिरत होता. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायला हात मोकळा नव्हता.

"केव्हाची धरलीयत गं," त्या म्हणाल्या.